बाप्पाची ट्रॉली हायब्रिड गाडीला जोडावी का?

(गणेशोत्सवाच्या तयारीसाठी स्नेहलतागंजात झालेल्या सभासदांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत आपल्या दोन सभासदांनी मोठ्या मनाने एक गोष्ट सुचवली. या वर्षी विसर्जनाला ट्रॅक्टर भाड्याने आणायचा नाही. दोघांकडेही नवी हायब्रिड एसयूव्ही आहे, तिला मागे हूक बसवायचा, हलकी ट्रॉली जोडायची आणि बाप्पाला थाटात न्यायचं. धूर नाही, धडधड नाही, लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या नाकातोंडात डिझेल जाणार नाही. टाळ्या पडल्या. मग अध्यक्षांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुम्ही मेकॅनिकलवाले, जरा अभ्यास करून सांगा.

आता खरं सांगायचं तर आम्ही डिप्लोमा केला त्या काळात हायब्रिड हा शब्द फक्त ज्वारीला लागत असे. टोयोटाने जपानमध्ये १९९७ साली प्रियस आणली होती खरी, पण आमच्या वर्कशॉपात अजून जीपचा गिअरबॉक्सच उघडून ठेवलेला असायचा. त्यामुळे गेले काही आठवडे पुस्तिका वाचल्या, ओळखीच्या मेकॅनिकांना गाठलं, दोन्ही सभासदांच्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. जे समजलं ते आज मांडतो.

आधी हे कबूल करायला हवं की ट्रॅक्टर नको ही इच्छा अगदी योग्य आहे. इंदूरच्या माणसाला मागे काहीतरी ओढत नेणारी मिरवणूक समजावून सांगावी लागत नाही. अनंत चौदसीच्या रात्री जेल रोडवर पथारी टाकून झांक्या बघतच आपण लहानाचे मोठे झालो. हुकुमचंद मिलच्या कामगारांपासून सुरू झालेली ती परंपरा शंभरी गाठून पुढे गेली. सुरुवातीला झांक्या बैलगाड्यांवर निघत, मग ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले. हुकुमचंद तर १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या कामगारांची थकबाकी वाटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पण झांकी काही थांबली नाही. तेव्हा ट्रॉलीवर देखावा आणि पुढे ओढणारं वाहन, हे चित्र आपल्या रक्तातच आहे. म्हणूनच त्यातला धोका आपल्या नजरेला दिसेनासा झाला आहे.

२०२५ च्या दसऱ्याला आपल्या शेजारच्या खंडवा जिल्ह्यात, पंधानाजवळ, देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात उलटली. अकरा जण गेले, बहुतेक लहान मुलं. तिथे हायब्रिडचा काही संबंध नव्हता. पण ट्रॉली, उतार, पाणी आणि ट्रॉलीवर बसलेली मुलं, या चार गोष्टी तिथे होत्या आणि त्या आपल्याकडेही असतात. आपल्या शेतीच्या ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेकच नसतो. ट्रॅक्टरचे ब्रेकही मागच्या दोन चाकांवर असतात, आणि डाव्या-उजव्या चाकाचं पॅडल वेगवेगळं. शेतात जागच्या जागी वळायला ते सोयीचं, पण रस्त्यावर दोन्ही पॅडलं एकमेकांना जोडून घ्यायची असतात. ती जोडलेली आहेत का, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी वाकून पाहिलं आहे?

आता हायब्रिडकडे येऊ. बाजारात या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या चिजा विकल्या जातात. एकीत पेट्रोल इंजिनाला छोट्या मोटरचा नुसता हात लागतो. सिग्नलला इंजिन बंद होतं, निघताना थोडा धक्का मिळतो. ही सौम्य हायब्रिड. दुसरी खरी हायब्रिड. २०२२ साली आलेल्या हायरायडर, ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस यांची जी महाग मॉडेलं आहेत ती या जातीची. तिच्यात विजेची मोटर एकटीही चाकं फिरवू शकते. आपल्या दोन्ही सभासदांच्या गाड्या या दुसऱ्या जातीच्या आहेत.

तिचं कौतुक आधी करू. मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीने जाते, दहा पावलं चालते, पाच मिनिटं थांबते. साध्या गिअरच्या गाडीत असं केलं की क्लच जळतो, वास सुटतो. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये घासणारा क्लच नाहीच. दंतचक्रांचा एक संच इंजिन आणि मोटर यांची ताकद वाटून घेतो. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पुरा जोर देते. सपाट डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढायला फार जोर लागतही नाही. समजा, ट्रॉलीचा सांगाडा, चौरंग, मूर्ती, मखर आणि जनरेटर मिळून सातशे किलो झाले. चाकं नीट फिरत असतील तर ते हलतं ठेवायला दहा-पंधरा किलोचा जोर पुरतो. म्हणूनच चार पोरं मिळून ट्रॉली ढकलू शकतात. तेव्हा ‘ओढेल का?’ याचं उत्तर, हो, आरामात ओढेल.

आमची काळजी ओढण्याची नाही, थांबवण्याची आहे.

गाडी आणि आतली माणसं मिळून दोन हजार किलो धरा. तिचे ब्रेक तेवढ्या वजनासाठी बनवलेले. मागे बिनब्रेकची सातशे किलोची ट्रॉली लावली की त्याच चार चाकांना सत्तावीसशे किलो थांबवायचे असतात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने जास्त. त्यात हे जादा वजन मागून एका बिंदूवर ढकलतं. वीसात एक असा हलका उतार असला तरी ती ट्रॉली पस्तीस किलोच्या जोराने गाडीला पुढे रेटत राहते, दहात एक असेल तर सत्तर. गाडी सरळ असेल तोवर ठीक. वळणावर ब्रेक दाबला की हाच रेटा गाडीची मागची बाजू बाहेर फेकतो आणि दोघी कात्रीसारख्या दुमडतात. जाताना वेग चालण्याचा असतो, पण विसर्जन उरकल्यावर रात्री दीड वाजता रिकामी ट्रॉली घेऊन परतताना कोण हळू चालवतं? वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट लागते. आणि रिकामी ट्रॉली खड्ड्यांवर उड्या मारते, ते वेगळंच.

इथे कोणीतरी म्हणेल, हायब्रिडला तर ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते, मग काळजी कसली? याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या एका जागी आहे. धुळे-नाशिक-मुंबईला गाडीने जाणाऱ्या प्रत्येक इंदूरकर कुटुंबाने मानपूरच्या पुढे गणपती घाट पाहिलेला आहे. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा तो उतार. ब्रेक तापून निकामी झालेले किती ट्रक तिथे पुढच्या गाड्यांवर आदळले! शेवटी २०२४ च्या अखेरीस तिथे नवा रस्ता काढावा लागला. ब्रेक उतारावर हळूहळू तापतो आणि मग अचानक साथ सोडतो. हायब्रिडची मोटर उतारावर जनित्र बनून गाडीला धरून ठेवते हे खरं. पण हायरायडरसारख्या गाडीची बॅटरी पाऊण युनिटाची, म्हणजे घरातला एक हजार वॅटचा गीझर पाऊण तास चालेल एवढी. लांब उतारावर ती बघता बघता भरते. भरली की वीज साठवायला जागा नाही, मग मोटरचा अटकाव संपतो आणि काम इंजिनावर व साध्या ब्रेकवर येतं. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असं अक्षर असतं ते याचसाठी, लांब उतारावर इंजिनाचा अटकाव मिळावा म्हणून. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी ट्रॉलीचा विषय सोडला तरी घाटात ते वापरावं.

दुसरी गोष्ट वजनाच्या मांडणीची. ही जुन्या मंडळींना आमच्यापेक्षा चांगली कळेल. बैलगाडी भरताना माल मागे जास्त गेला की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. फार पुढे भरला की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हूकवर खाली दाबला गेला पाहिजे, म्हणजे सातशे किलोला सत्तर. आपण काय करतो? मूर्ती मागून दिसावी म्हणून मागे ठेवतो, जनरेटरचा आवाज नको म्हणून तोही अगदी मागे, आणि त्याच्याही मागच्या फळीवर मुलं पाय सोडून बसतात. ट्रॉली उलार. अशी ट्रॉली वेगात शेपटीसारखी हलायला लागते आणि गाडीचं मागचं अंग उचलते.

बरं, हूकवर सत्तर किलो नीट दाबले, तरी या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. जुनी डिझेल इनोव्हा मागच्या चाकांवर चालायची, खाली ट्रकसारखी चौकट होती. हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते आणि तिला वेगळी चौकट नाही, सगळं अंग एकसंध पत्र्याचं. मागे भार दिला की पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम तर त्यांचंच. कोरड्या रस्त्यावर फरक कळणार नाही. पण विसर्जनाच्या जागी पाणी सांडलेलं, फुलं-निर्माल्य पडलेलं, चिखल, थोडा चढ. तिथे पुढची चाकं जागीच फिरायला लागतात. मागे घ्यायची असेल तर आणखी कठीण, कारण टोयोटाच्या या पद्धतीत मागे जाताना चाकं फक्त विजेच्या मोटरवर फिरतात, इंजिन कितीही ओरडलं तरी त्याचा जोर चाकांना मिळत नाही. चढावर, ट्रॉली लावून, गर्दीत, मागे. मोटर तापली की गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. ते गाडीच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे, पण मागे उभ्या असलेल्या माणसांना ते माहीत नसतं.

काही हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागे असते आणि तिला थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. त्या जाळीपुढे सतरंज्या, प्रसादाचे डबे आणि ताशे रचले तर बॅटरीचा श्वास कोंडतो. हे ट्रॉलीशिवायही लक्षात ठेवायचं.

आणि सगळ्यात जास्त आम्हाला ज्याने अस्वस्थ केलं ते म्हणजे शांतता. हो, ज्या शांततेसाठी आपण टाळ्या वाजवल्या तीच. हायब्रिड गाडी उभी असते, इंजिन बंद, आवाज नाही, पण काट्याजवळ ‘रेडी’ दिवा लागलेला असतो. म्हणजे पाय पडला की ती निघणार. ढोल वाजत असताना ती चालू आहे की बंद, हे बाहेरच्याला कळणं शक्य नाही. चालवणाऱ्यालाही भान राहत नाही. आरतीसाठी पटकन उतरला, पुढे दोन पोरं फुगड्या घालताहेत, आणि शेजारच्या सीटवरचं कोणी सरकून त्याच्या जागी बसलं. ट्रॅक्टर निदान धडधडून सांगतो की मी जिवंत आहे. मिरवणुकीत हायब्रिड असेल तर एकच चालक, तो जागचा हलणार नाही, आणि उतरलाच तर गाडी पूर्ण बंद करून, पार्किंग लावून, किल्ली खिशात घेऊन. मग आरती त्याच्यापर्यंत आपण घेऊन जाऊ.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं परदेशी आहेत. बैठकीनंतर एका काकांनी अमेरिकेहून मुलाने पाठवलेला फोटो दाखवला: तिथे लोक हायब्रिडला ट्रेलर लावून सर्रास फिरतात, मग इथे का नाही? प्रश्न रास्त आहे. तिथे टोयोटा स्वतः आकडा देते. रॅव्ह-फोर हायब्रिडला १७५० पौंड, म्हणजे सुमारे आठशे किलो. सिएना हायब्रिडला ३५०० पौंड, सुमारे सोळाशे किलो. पण तो आकडा ठरावीक हूक, ठरावीक जोडणी आणि ट्रेलरच्या दिव्यांसकट दिलेला असतो. इंग्लंडात बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. त्याहून जड असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. त्यातही एक छान युक्ती असते: ट्रेलर पुढे रेटायला लागला की त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. आपल्याकडच्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरचं पान उघडा. तिथे किलोचा आकडा नसेल किंवा ओढू नका असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपतो, मग नाव आणि कंपनी परदेशातलीच का असेना. गाडीसोबत टूलकिटमध्ये येणारी स्क्रूची कडी ट्रेलरसाठी नसते, ती बंद पडलेली गाडी बाहेर काढायला असते. आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून या एकसंध पत्र्याला हूक डागून घेणं तर अजिबात नको. खालून नारिंगी रंगाच्या जाड तारा गेलेल्या असतात, त्यांत जीव घेईल एवढा दाब असतो.

जाता जाता एक उलटी गोष्ट. हायब्रिड कधी बंद पडली तर तिलाही दोरीने ओढत नेऊ नका. पुढची चाकं रस्त्यावर फिरली की मोटर आपोआप वीज बनवायला लागते आणि आतलं काहीतरी जळतं. तिला पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रकच बोलवायचा.

सरकारी नोकरीत असल्यामुळे कागद आधी बघायची आम्हाला खोड आहे, तेव्हा तेही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलं आहे. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी हवी, स्वतःचा नंबर हवा. शेडमध्ये बनवून घेतलेल्या ट्रॉलीला यातलं काही नसतं. ट्रॉलीत माणसं बसवणं नियमात बसत नाही. विम्याच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख नसेल आणि काही विपरीत घडलं तर विमा कंपनी प्रश्न विचारणारच, आणि ती मंडळाच्या अध्यक्षांना न विचारता गाडीच्या मालकाला विचारेल. ज्या सभासदाने प्रेमाने गाडी देऊ केली त्याच्या माथी हे का मारायचं?

तर कार्यकारिणीत आम्ही सगळ्यांनी बसून जे ठरवलं ते असं. हूक बसवायचा नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीही आणायची नाही. मूर्ती छोट्या हाथीवर, म्हणजे छोट्या माल टेम्पोवर जाईल. त्यात वजन त्याच्याच चाकांवर आणि त्याच्याच ब्रेकवर असतं, मागून रेटणारं काही नाही. भाड्याचा फरक फारसा नाही, खजिनदारांनी विचारून घेतलं आहे. सजावट झाल्यावर, मूर्ती चढवण्याआधी, टेम्पो एकदा धरमकाट्यावर नेऊन वजन करायचं. पावती पन्नास-शंभराची, पण आपण खरंच काय वाहतो आहोत ते एकदा तरी कळेल. जनरेटर टेम्पोत पुढे, मूर्तीच्या पायाशी, मागे कोणी बसणार नाही. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठी माणसं शिट्टी घेऊन चालतील, आणि चाकासमोर कोणी आलं की चालकाला नव्हे तर त्या माणसाला आधी ओढायचं. मागच्या चाकांसाठी लाकडाचे दोन ठोकळे, दोरी बांधलेले. चढ-उतारावर थांबलो की लगेच लावायचे.

दोन्ही हायब्रिड गाड्या मिरवणुकीत असतील, आणि मानाच्या जागी असतील. ज्यांना चालवत नाही अशा आपल्या आजी-आजोबांना त्यांतून न्यायचं आहे. चार-चार तास माणसाच्या चालीने, एसी लावून, धूर न सोडता चालायचं काम या गाड्या इतर कोणत्याही गाडीपेक्षा चांगलं करतात. ज्या कामाला त्या बनवल्या ते काम त्यांना देऊ. गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे गेटपासूनच बाप्पाला निरोप देणाऱ्या काकू या वर्षी शेवटपर्यंत येतील. आठ जणांची नावं आली आहेत, जागा अजून दोन आहेत, आज निघण्यापूर्वी वहिनींकडे नाव द्या.

पोरांना वाईट वाटलेलं दिसतंय, कारण ट्रॉलीवर बसायला मिळणार नाही. त्यांच्यासाठी सोय केली आहे. टेम्पोच्या पुढे, चांगली वीस पावलं अंतर ठेवून, एक छोटा हातगाडा असेल. त्यावर लहान मूर्ती आणि आरतीचं ताट, फार तर चाळीस किलो. त्याला दोन दोर बांधायचे, पुढून मुलांनी ओढायचं आणि मागून दोन मोठ्यांनी धरून ठेवायचं. गाडा कोण ओढणार त्याच्या पाळ्या लावल्या आहेत, म्हणजे मारामारी नको. पहिली पाळी पाचवीच्या आतल्यांची.

विसर्जन नेहमीप्रमाणे निगमच्या संकलन केंद्रावर मूर्ती सोपवून होईल. पुढे जवाहर टेकडीला निगमची माणसं नेतात, आपलं कोणी पाण्याजवळ जाणार नाही. टेम्पोवाल्याला चार वाजता यायला सांगितलं आहे, म्हणजे तो पाचपर्यंत पोहोचेल. ढोलवाल्यांनी साडेचारला हजर राहावं.

गणपती बाप्पा मोरया!